प्रतिकारशक्ती वाढवायची की आवरायची?

वाचकाचं पत्र

“माझी आई ५४ वर्षांची आहे. तिला तीन वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. मेथोट्रेक्सेट नियमित चालू आहे, तरी बोटांच्या सांध्यांची सूज उतरत नाही, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही आणि रक्ततपासणीत सीआरपी नावाचं प्रथिन दर वेळी वाढलेलंच येतं. आता डॉक्टर टीएनएफ रोखणारं इंजेक्शन सुरू करू या म्हणतात. मी वाचलं की टीएनएफ हे प्रतिकारशक्तीचंच एक प्रथिन आहे. शरीर स्वतःच्या रक्षणासाठी जे बनवतं तेच अडवायचं, हे मनाला पटत नाही. सीआरपी वाढलंय म्हणजे तिची प्रतिकारशक्ती वाढली असं समजायचं का? मी तर बरेच दिवस तिला प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरी देते आहे. म्हणजे डॉक्टर एकीकडे आणि मी दुसरीकडे ओढतोय का? इंजेक्शनामुळे तिला एखादा मोठा संसर्ग झाला तर? आणि एकदा सुरू केलं की ते जन्मभर घ्यावं लागतं का?”

उत्तर

ताई,

आधी सरळ उत्तर. इंजेक्शनाला घाबरून नकार देऊ नका. ते सुरू करण्याआधी क्षयरोगाची आणि हेपॅटायटिसची तपासणी झालीच पाहिजे; ती झाल्याशिवाय पहिला डोस घेऊ नका. पावडरी मात्र आजपासून बंद करा आणि त्यांचे डबे पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. एवढं केलंत तरी पत्रातलं निकडीचं काम झालं. पण तुम्ही “मनाला पटत नाही” असं लिहिलं आहे, आणि मनाला न पटलेलं औषध घरात फार दिवस टिकत नाही. थोडं बरं वाटतं, मग कुणीतरी काहीतरी सांगतं आणि ते बंद पडतं. म्हणून नीट उलगडून सांगते.

पेशी एकमेकींना निरोप धाडण्यासाठी जी छोटी प्रथिनं सोडतात त्यांना सायटोकाइन म्हणतात. टीएनएफ त्यांपैकी एक. इंटरल्युकिन आणि इंटरफेरॉन त्याच गोतावळ्यातली. कातडीत काटा घुसला आणि त्याबरोबर जंतू आत गेले, की तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी टीएनएफ सोडतात. त्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर चिकट होतं. रक्तातून वाहत चाललेल्या पांढऱ्या पेशी तिथे थबकतात आणि भिंतीतून बाहेर पडून जखमेपर्यंत पोचतात. वाहिन्या पाझरतात म्हणून सूज येते, रक्ताचा ओघ वाढतो म्हणून जागा लाल आणि गरम होते. हाच दाह. तो झालाच नाही तर साधी जखमही जिवावर बेतेल. इथवर तुमचं वाचन अगदी बरोबर आहे.

पण याच प्रथिनाची दुसरी बाजू उमगायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये एलिझाबेथ कार्सवेल, लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांमधल्या गाठी मारणारा एक पदार्थ वर्णन केला आणि त्याला ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर असं नाव दिलं. टीएनएफ हे त्याचंच लघुरूप. कर्करोगावर औषध सापडलं अशी तेव्हा आशा होती. त्याच शहरात ब्रूस ब्यूटलर आणि अँथनी सेरामी मात्र वेगळ्याच गोष्टीच्या मागावर होते: दीर्घ आजारात शरीर झडत जातं, अंगावरचं मांस उतरतं, ते कशामुळे? १९८५ मध्ये लक्षात आलं की त्यांना सापडलेलं प्रथिन आणि टीएनएफ एकच आहे. त्याच वर्षी त्यांनी दाखवलं की टीएनएफला बांधून ठेवणाऱ्या अँटिबॉडी आधी टोचल्या, तर जंतूंच्या विषाच्या जीवघेण्या मात्रेतूनही उंदीर वाचतात. पुढच्याच वर्षी केविन ट्रेसी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांना एकही जंतू न देता नुसतं टीएनएफ टोचलं, तरी रक्तदाब कोसळून ते दगावले. जखमेजवळ थोडंसं आणि थोडा वेळ असलेलं टीएनएफ रक्षण करतं. तेच रक्तभर पसरलं किंवा एका जागी मुक्कामाला आलं की घात करतं.

म्हणूनच शरीर टीएनएफ बनवण्यावर जेवढी मेहनत घेतं, जवळजवळ तेवढीच ते आवरण्यावर घेतं. हा भाग सहसा कुणी सांगत नाही, आणि तुमच्या शंकेचं उत्तर मला तिथेच दिसतं. म्हणून इथे जरा थांबते.

पहिला लगाम पेशीच्या आत आहे. टीएनएफसारख्या प्रथिनांची जनुकं उघडण्याचं काम एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन करतं. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते १९८६ मध्ये शोधलं. एरवी ते पेशीत गप्प असतं, कारण आय-कप्पा-बी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाने त्याला धरून ठेवलेलं असतं. जंतूची चाहूल लागली की हे धरून ठेवणारं प्रथिन नष्ट केलं जातं आणि मोकळं झालेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरून दाहाची जनुकं चालू करतं. आता गंमत बघा: ते जी जनुकं चालू करतं त्यांत आय-कप्पा-बीचं जनुकही असतं. नवं आय-कप्पा-बी तयार होतं, केंद्रकात जातं आणि एनएफ-कप्पा-बीला धरून बाहेर आणतं. म्हणजे दाह सुरू करण्याच्या हुकमातच तो थांबवण्याचा हुकूम लिहिलेला असतो. याच रस्त्यावर ए-२० नावाचं आणखी एक आवरणारं प्रथिन आहे. त्याच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जन्मतः निकामी असेल, तर लहानपणापासूनच वारंवार ताप, तोंडात आणि जननेंद्रियावर व्रण, सांध्यांना सूज असा आजार होतो. २०१६ मध्ये त्याचं कारण समजलं. बाहेरचा जंतू नाही, शत्रू नाही. फक्त एक लगाम अर्धा.

दुसरा लगाम मला सगळ्यांत बोलका वाटतो. जनुकातली माहिती घेऊन प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेकडे जाणारा जो आरएनए असतो, त्याच्या शेपटाकडे टीएनएफच्या बाबतीत एक खास खूण असते. ट्रिस्टेट्राप्रोलिन नावाचं प्रथिन ती खूण ओळखून त्या आरएनएचा लवकर निकाल लावतं, म्हणजे टीएनएफ बनत राहत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ट्रिस्टेट्राप्रोलिन नसलेले उंदीर तयार केले. जन्मले तेव्हा ते चारचौघांसारखेच दिसत होते. मग त्यांचं वजन वाढेना, कातडीला दाह झाला, पंजांचे सांधे सुजून झिजले. टीएनएफला बांधणाऱ्या अँटिबॉडी दिल्या तेव्हा यातलं जवळजवळ सगळं टळलं. १९९९ मध्ये अथेन्समध्ये जॉर्ज कोलियास यांच्या गटाने आणखी नेमका प्रयोग केला: टीएनएफच्या जनुकातून फक्त ती शेपटाकडची खूण काढून टाकली. प्रथिन तेच, त्यात एका अणूचाही फरक नाही. तरी त्या उंदरांना संधिवात झाला आणि लहान आतड्याला क्रोन्सच्या आजारासारखा दाह झाला.

ताई, इथे क्षणभर थांबून विचार करा. आजार व्हायला टीएनएफ वाईट असावं लागलं नाही. ते वेळेवर संपलं नाही, एवढंच पुरलं.

तिसरा लगाम पेशीच्या बाहेर असतो. टीएनएफ आधी पेशीच्या कवचावर रोवलेलं असतं; टेस नावाचं एन्झाइम ते कापून मोकळं करतं. तेच एन्झाइम टीएनएफ ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप टिपणाऱ्या प्रथिनावर, बसतं ते रिसेप्टरही कापतं. हे सुटे झालेले रिसेप्टर रक्तात फिरतात आणि वाटेत भेटलेल्या टीएनएफला स्वतःवर बसवून घेतात, म्हणजे ते पेशीपर्यंत पोचतच नाही. आता तुमच्या प्रश्नाकडे या: “शरीर जे बनवतं तेच अडवायचं?” शरीर स्वतःच ते अडवत असतं, रोज, तुमच्या-माझ्या अंगातही. एटानरसेप्ट नावाचं टीएनएफरोधक औषध म्हणजे नेमका हा सुटा रिसेप्टर आहे. त्याला अँटिबॉडीचा एक तुकडा जोडला आहे, म्हणजे तो रक्तात जास्त दिवस टिकतो. ॲडालिमुमॅब आणि इन्फ्लिक्सिमॅब या अँटिबॉडी आहेत, काम तेच. आईच्या डॉक्टरांनी यांपैकी कुठलं सुचवलं ते पत्रात नाही, पण तत्त्व एकच आहे.

बाकीच्या सायटोकाइनांचंही असंच. इंटरल्युकिन-१ अर्धवट रूपात बनतं आणि कॅस्पेज-१ नावाच्या एन्झाइमने कापल्याशिवाय कामाचं होत नाही. शिवाय त्याच्या रिसेप्टरवर आधीच जाऊन बसणारं आणि काहीच न करणारं एक प्रथिनही शरीर बनवतं. काही बाळं हे प्रथिन बनवू न शकणारी जन्मतात. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या अंगभर पुवाचे फोड उठतात, हाडांना सूज येते, आणि उपचार मिळाले नाहीत तर काही दगावतात. २००९ मध्ये या आजाराचं कारण सापडलं. त्या बाळांना ॲनाकिन्रा हे औषध दिलं, आणि फोड काही दिवसांत मिटायला लागले. ॲनाकिन्रा म्हणजे त्याच हरवलेल्या प्रथिनाची बनवलेली प्रत. इंटरल्युकिन-१० हे तर दाह शांत करणारंच सायटोकाइन. त्याचा रिसेप्टर बिघडला तर तान्ह्या वयातच आतड्याचा भयंकर दाह होतो. दाह आटोक्यात ठेवणाऱ्या नियंत्रक टी-पेशींच्या (टी-पेशी हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) शोधासाठी मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. आवरणं हाही प्रतिकाराचाच भाग आहे, हे आता पाठ्यपुस्तकातलं सत्य आहे. जाहिराती मात्र अजून वाढवण्यावरच अडकल्या आहेत.

आता आईच्या बोटांकडे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये शरीर स्वतःच्याच काही प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. बऱ्याच रुग्णांत त्या सांधे सुजण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून रक्तात सापडतात. काही जनुकं आणि धूम्रपान यांनी धोका वाढतो. पुढे सांध्याचं पातळ अस्तर जाडजूड होतं, त्यात मॅक्रोफेज आणि इतर पेशी ठाण मांडतात आणि टीएनएफ सतत पाझरत राहतं. हे टीएनएफ हाड खाणाऱ्या पेशींनाही जागं करतं. एकदा हाड खाल्लं गेलं की ते पूर्ववत होत नाही. म्हणून डॉक्टर घाई करताहेत.

अशा सांध्यात डझनभर सायटोकाइन असतात, मग एकट्या टीएनएफला अडवून काय होणार, असं पूर्वी सगळ्यांनाच वाटायचं. १९८९ मध्ये लंडनमध्ये फियोनुला ब्रेनन, रविंदर मैनी, मार्क फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या सांध्यांतून काढलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि टीएनएफ अडवलं. इंटरल्युकिन-१ चं प्रमाणही त्याबरोबर उतरलं. टीएनएफ साखळीच्या वरच्या कडीला आहे, हे त्यातून कळलं. १९९२ मध्ये चेअरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्या रुग्णांना टीएनएफरोधक अँटिबॉडी दिली गेली. पहिल्या चाचणीत २० जण होते, सगळे इतर औषधांनी हरलेले. त्यांची सूज आणि दुखणं उतरलं, सीआरपी खाली आलं. टीएनएफ अडवणारी आजची सगळी औषधं त्या वाटेने आली.

एक गोष्ट मला तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे. याच रुग्णांच्या सांध्यांतल्या द्रवात ते सुटे रिसेप्टर, म्हणजे शरीराचा स्वतःचा लगाम, मोजला गेला आहे. तो कमी नव्हता, एरवीपेक्षा जास्त होता. म्हणजे आईचं शरीर हातावर हात ठेवून बसलेलं नाही. तिला काही उणं आहे, तिने काही चुकीचं केलं, असं मनात आणू नका आणि तिच्याही मनात येऊ देऊ नका. तिचं शरीर आवरायचा प्रयत्न करतंच आहे, पण टीएनएफ त्याच्या हाताबाहेर गेलं आहे. औषध त्या प्रयत्नाच्या बाजूने उभं राहतं.

सीआरपीबद्दल. हे प्रथिन यकृत बनवतं, मुख्यतः इंटरल्युकिन-६ चा निरोप आल्यावर. रक्तातलं निम्मं सीआरपी साधारण १९ तासांत संपतं, म्हणून दाह उतरला की काही दिवसांत आकडा खाली येतो. वाढलेलं सीआरपी अंगात दाह चालू आहे एवढंच सांगतं. त्यावरून प्रतिकारशक्ती जास्त आहे की कमी, यातलं काहीच कळत नाही. सकाळचा ताठपणाही यातूनच येतो: या आजारात इंटरल्युकिन-६ रात्रीच्या उत्तरार्धात वाढतं आणि पहाटे वर असतं, त्याला आवरणारं शरीराचं कॉर्टिसोल हे संप्रेरक त्या मानाने अपुरं पडतं. आणि आई सारखी थकलेली असेल, हिमोग्लोबिन कमी येत असेल, तर तेही डॉक्टरांना विचारा. इंटरल्युकिन-६ मुळे यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक बनवतं आणि ते लोह साठ्यात अडकवून ठेवतं. अशा वेळी नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन हलत नाही. दाह उतरला की ते आपोआप सुधारायला लागतं.

आता तुमची भीती. ती खरी आहे आणि तिला मी कमी लेखणार नाही.

क्षयाचे जंतू जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात कधी ना कधी शिरलेले आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बहुतेकांना आजार होत नाही, कारण मॅक्रोफेज आणि टी-पेशी त्या जंतूंभोवती घट्ट कडं करून त्यांना कोंडून ठेवतात. ते कडं टिकवण्यात टीएनएफचा मोठा वाटा आहे. ते अडवलं की कडं सैल पडू शकतं. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक जणांचा क्षय फुप्फुसाबाहेरचा होता आणि बहुतेकांना तो पहिल्या काही डोसांतच झाला. त्यानंतर नियम पक्का झाला: औषधाआधी सुप्त क्षय शोधायचा. कातडीवरची ट्यूबरक्युलिन चाचणी किंवा रक्तातली इग्रा चाचणी, आणि छातीचा एक्स-रे. सुप्त क्षय निघाला तर इंजेक्शन रद्द होत नाही; आधी प्रतिबंधक गोळ्या सुरू करतात, काही आठवड्यांनी इंजेक्शन. घरात कधी कुणाला क्षय झाला होता का, आईचा कुणा क्षयरुग्णाशी फार दिवस संबंध आला होता का, हे आठवून सांगा. हे सांगायला लोक लाजतात. लाजू नका.

हेपॅटायटिस बी आणि सीची तपासणीही तितकीच गरजेची. बीचा विषाणू वर्षानुवर्षं यकृतात दबून राहतो आणि दाह आवरणाऱ्या औषधांनी पुन्हा उसळू शकतो. लसींचं आधीच विचारून घ्या: फ्लू, न्यूमोकोकस आणि नागिणीची जिवंत नसलेली लस शक्यतो आधी द्यावी, जिवंत जंतूंच्या लसी इंजेक्शन चालू असताना देत नाहीत. आईला हृदय कमजोर असल्याचं कधी सांगितलं असेल, किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारखा मज्जासंस्थेचा आजार तिला किंवा जवळच्या नातलगाला असेल, तर ते न विचारताही सांगा. तसं असल्यास डॉक्टर दुसरं औषध निवडतात.

इंजेक्शन सुरू झाल्यावर ताप आला, खोकला हटेना, लघवीला जळजळ झाली, जखम चिघळली, तर पुढचा डोस स्वतः टोचू नका; आधी डॉक्टरांना फोन करा. मेथोट्रेक्सेट मात्र “आता नवं औषध आलं” म्हणून आपणहून बंद करू नका. इंजेक्शनातल्या अँटिबॉडीविरुद्ध शरीर स्वतःच्या अँटिबॉडी बनवतं आणि मग औषधाचा गुण ओसरतो. मेथोट्रेक्सेटमुळे हे बरंच कमी होतं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवाला धोका होतो. तुम्हाला हे माहीत असेल, तरी मी दर वेळी लिहिते.

पावडरींबद्दल मला राग आहे, आणि तो तुमच्यावर अजिबात नाही. आईसाठी काहीतरी करावं म्हणून तुम्ही ते केलंत. राग त्या डब्यांवरच्या दाव्यांवर आहे. प्रतिकारशक्ती नावाची एकच गोष्ट शरीरात नसते, की जी वर किंवा खाली करता यावी. एखाद्या पावडरीने खरोखरच टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ वाढत असेल, तर आईला नेमकं तेच नको आहे. वाढत नसेल, तर ती निरुपयोगी आहे. शिवाय अशा मिश्रणांत न सांगितलेलं स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि काही घटक यकृताला इजा करतात. मेथोट्रेक्सेटवर असलेल्या माणसाला हे दुप्पट महागात पडतं. डब्यात स्टेरॉइड असेल तर ते एकदम बंद केल्यानेही त्रास होतो. म्हणून बंद केल्यावर आईला खूप अशक्त वाटलं, चक्कर आली, उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

प्रतिकार बेलगाम झाला तर काय होतं, याची नोंद आहे. २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन-१४१२ हे नवं औषध सहा निरोगी तरुणांना दिलं गेलं. ते टी-पेशींना चेतवणारं होतं. प्राण्यांत काही वावगं दिसलं नव्हतं. काही तासांतच सहाही जणांच्या रक्तात सायटोकाइनांचा लोंढा आला आणि त्यांचे अवयव एकामागून एक निकामी व्हायला लागले. अतिदक्षता विभागात सगळे वाचले, पण थोडक्यात.

उलट, सरसकट दाबणंही योग्य नाही, आणि हे तुमच्या बाजूने बोलते आहे. रक्तात जंतू पसरलेल्या सेप्सिसच्या रुग्णांना १९९० च्या दशकात टीएनएफरोधक देऊन पाहिलं. जी आशा होती ती फळाला आली नाही. कोविडच्या साथीत २०२० साली ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना मात्र फायदा झाला नाही, उलट थोडं नुकसान झालं असावं असे आकडे आले. २०१७ च्या कँटोस चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांवर इंटरल्युकिन-१ अडवणारं औषध तपासलं; काहींना ते दिलं, बाकीच्यांना नाही. औषध घेणाऱ्यांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण थोडं कमी झालं, पण संसर्गाने मृत्यू होण्याचं वाढलं. कुठलं सायटोकाइन, कुठल्या आजारात आणि केव्हा आवरायचं, याचं उत्तर दर आजाराला वेगळं आहे. तुमच्या आईच्या आजारात टीएनएफचं उत्तर तीस वर्षांहून अधिक काळ तपासलं गेलं आहे.

पावडरीऐवजी काय करू, असं तुम्ही विचाराल. आई तंबाखू कुठल्याही रूपात घेत असेल तर ती सोडवा. धूम्रपानाने आजार बळावतो आणि औषधाचा गुणही कमी येतो. हिरड्या दाखवा, त्यांचा जुनाट दाह या आजाराशी जोडलेला आहे. आणि तिला सोसेल तेवढं रोज चालू द्या. यात एक फार सुंदर गोष्ट आहे: व्यायाम करताना स्नायूही इंटरल्युकिन-६ सोडतात, तेच, ज्याला आपण आजारात दोष देतो. पण स्नायूंतून थोडा वेळ आलेल्या या इंटरल्युकिन-६ मागोमाग रक्तात इंटरल्युकिन-१० वाढतं, आणि इंटरल्युकिन-१ ला अडवणारं ते प्रथिनही. शरीराचे स्वतःचेच लगाम. वजन जास्त असेल तर तेही उतरवायला हवं, कारण चरबीतूनही टीएनएफ येतं.

जन्मभर घ्यावं लागेल का? याची सवय किंवा व्यसन लागत नाही. पण हे औषध आजार मुळापासून काढत नाही, म्हणून एकदम बंद केल्यावर बऱ्याच जणांना पुन्हा सूज येते. बरेच महिने आजार शांत राहिला, स्टेरॉइड चालू असेल तर ते आधी सुटलं, की मग डॉक्टर इंजेक्शनांमधलं अंतर वाढवून पाहतात. काहींना ते मानवतं. सूज परतलीच तर पुन्हा नेहमीच्या डोसवर आल्यावर बहुतेकांचा आजार आटोक्यात येतो. खर्चाची अडचण असेल तर बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाच्या धर्तीवर दुसऱ्या कंपनीने बनवलेली औषधं, विचारा. त्यांचा गुण मूळ औषधाइतकाच असल्याचं चाचण्यांत दिसलं आहे.

गुण आला की नाही, हे साधारण तीन महिन्यांत कळायला लागतं आणि सहा महिन्यांत ठरवता येतं. काहींना टीएनएफरोधक लागू पडत नाही. तसं झालं तर खचू नका. त्यांच्या सांध्यात दुसरा एखादा निरोप जास्त जोरात चाललेला असतो, आणि त्यासाठी वेगळी औषधं आहेत. जेएके (सायटोकाइनांचा निरोप पेशीच्या आत पुढे नेणारं एन्झाइम) अडवणाऱ्या गोळ्या कुणी इंजेक्शनऐवजी सुचवल्या तर आईचं वय, धूम्रपान आणि हृदयाचा इतिहास यांचा विचार झाला आहे ना, हे विचारा. पन्नाशीपुढच्या आणि हृदयाचा धोका असलेल्या लोकांत त्या गोळ्यांपैकी टोफासिटिनिबने हृदयविकार आणि कर्करोग टीएनएफरोधकांपेक्षा जास्त आढळले आहेत. इंटरल्युकिन-६ अडवणारं टोसिलिझुमॅब दिलं, तर एक गोष्ट लक्षात असू द्या: त्या औषधावर सीआरपी वाढत नाही, अंगात संसर्ग असला तरी. तेव्हा आईला बरं वाटत नसेल आणि रिपोर्टमध्ये सीआरपी ठीक आलं असेल, तर रिपोर्टावर विसंबून घरी थांबू नका. तिला डॉक्टरांकडे घेऊन जा आणि दाराशीच सांगा की ती टोसिलिझुमॅबवर आहे.